ककणेराच्या ढोलीखालची रोपे : फळे खाणारे पक्षी आणि रानाची पेरणी

राईकर (धाग्याची सुरुवात)

मंडळी, नमस्कार.

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या वरच्या अंगाला ग्रामदेवतेची राई आहे. राईच्या कडेला एक जुना बेहडा असून त्याच्या ढोलीत गेली अनेक वर्षे ककणेर, म्हणजे पुस्तकातला मलबारी कवड्या धनेश, वीण करतो. माझी आजी त्याला गरुड म्हणायची. सिंधुदुर्गात माडगरुड म्हणतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मादी ढोलीत शिरते, विष्ठा आणि फळांचा गर यांचे लिंपण करून तोंड बुजवते आणि चोच बाहेर काढण्यापुरती एक उभी फट ठेवते. तेव्हापासून तिचा आणि पुढे पिल्लांचा शिधा नर आणून देतो. तो फळे गळ्यात साठवून आणतो, खोडाला पंजांनी बिलगून बसतो, मान झटकून एकेक फळ चोचीच्या टोकाशी आणतो आणि फटीतून आत देतो. मी एका सकाळी मोजले, तेव्हा एका खेपेत उंबराची सव्वीस फळे निघाली होती.

या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस पिल्लू बाहेर पडल्यानंतर मी त्या बेहड्याखाली गेलो. ढोलीच्या बरोबर खाली, चार-पाच पावलांच्या घेरात, मातीच दिसत नव्हती. काजऱ्याच्या चपट्या, राखाडी, रेशमासारखी लव असलेल्या, शर्टाच्या मोठ्या गुंडीएवढ्या बिया; पारजांभळाच्या बारीक कठीण आठळ्या; वाळलेल्या विष्ठेचे खडे आणि त्यांत खसखशीसारख्या दिसणाऱ्या वड-उंबराच्या बिया. पाऊस लागल्यावर, जुलैत, पुन्हा गेलो. तिथे काजऱ्याची लहानमोठी चव्वेचाळीस रोपे उभी होती, त्यांतली काही निश्चितच मागील वर्षांची. समोरासमोर येणारी पाने आणि पानाच्या बुडापासून निघणाऱ्या ठळक शिरा यांवरून ओळखण्यात चूक होण्याचा संभव नाही. आमच्या राईत काजऱ्याचे एकही झाड नाही. माझ्या माहितीतला सर्वांत जवळचा काजरा नदीपलीकडच्या उतारावर, दीड-दोन किलोमीटर अंतरावर आहे.

राईच्या वरचा डोंगर सात वर्षांपूर्वी एका लाकूड व्यापाऱ्याने मालकांकडून घेऊन साफ केला. आज तिथे गवत, रानमोडीचे तण आणि फक्त एक उंबर उरला आहे. ढोलीखाली दाटीवाटीने उगवलेली रोपे तिथे नेऊन लावावीत, असे मनात आहे. हे योग्य होईल का, की पक्ष्याच्या कामात ती ढवळाढवळ ठरेल? दुसरा प्रश्न पितृपक्ष जवळ आला की दर वर्षी येणाऱ्या त्या संदेशाचा आहे. वड आणि पिंपळ यांच्या बिया कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजतच नाहीत, म्हणून पूर्वजांनी कावळ्याला घास घालायला सांगितले, असे त्यात म्हटलेले असते. हे कितपत खरे आहे?

पर्णिका

राईकर, तुमचे निरीक्षण फार मोलाचे आहे. मी तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले, पण ढोलीखालच्या रोपांची अशी मोजणी विद्यार्थ्यांकडून करून घेण्याची संधी मला फारशी मिळाली नाही.

झाडाचे बी झाडाच्या पायाशी पडले तर त्याचे काय होते, तिथून सुरुवात करू. वर्षानुवर्षे एकाच जातीच्या बिया जिथे पडतात तिथे त्या जातीवर जगणारे भुंगे, अळ्या आणि बुरशी यांचाही मुक्काम असतो. म्हणून मूळ झाडाजवळ पडलेल्या बिया आणि उगवलेली रोपे मोठ्या प्रमाणात मरतात आणि दूर पडलेल्यांना जगण्याची शक्यता अधिक राहते. डॅनियल जॅन्झन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये, स्वतंत्रपणे, ही कल्पना मांडली. झाडाला पाय नाहीत. म्हणून ते गर तयार करते. गर ही वाहतुकीची मजुरी आहे आणि बी हा माल.

ही मजुरी घेऊन माल धड पोचवणारा कोण, हे चोचीच्या आकारावर ठरते. बुलबुलाची चोच जेमतेम सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर उघडते, त्यामुळे त्याहून मोठी आठळी तो गिळू शकत नाही. तो मोठ्या फळाचा गर टोचून खातो आणि बी जागेवरच राहते. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांच्या बिया इतक्या बारीक की त्या कोणीही नेऊ शकतो : तांबट, मैना, कोकीळ, हळद्या, बुलबुल, शिवाय रात्री वटवाघळे. परंतु काजरा, धूप किंवा रानजायफळ यांच्यासारख्या मोठ्या बियांच्या झाडांना उडणारा वाहक म्हणून धनेशाखेरीज फारच थोडे पक्षी उरतात. धनेश मोठे बी पोटात पुढे जाऊ देत नाही. गर सुटला की तो बी ओकून टाकतो, आणि तोपर्यंत बहुधा तो दुसऱ्या झाडावर गेलेला असतो. बारीक बिया मात्र विष्ठेतून बाहेर पडतात. तुम्हाला ढोलीखाली दोन्ही प्रकार एकत्र दिसले, त्याचे कारण हेच. काजऱ्याच्या बीत स्ट्रिक्नीनसारखे जहाल विष असते, तरी पक्ष्याला त्याचा त्रास होत नाही, कारण तो बी फोडतच नाही.

आता तुमचा प्रश्न. विणीच्या काळात नर एकाच ठिकाणी बियांचा ढीग घालतो, आणि मघाशी सांगितलेल्या कारणाने ही दाटी रोपांना घातकच असते. ढोलीखालच्या चव्वेचाळीसांपैकी मोठे झाड होईल असे एखादे राहिले तरी पुष्कळ. खरी दूरवरची पेरणी वीण संपल्यावर होते, जेव्हा थवे मोठ्या टापूत हिंडू लागतात. म्हणून ढोलीखालची काही रोपे उचलण्यात मला कोणतीही ढवळाढवळ वाटत नाही. मात्र वीण चालू असताना झाडाखाली वावर नको, आणि सगळी रोपे उचलू नका.

दोडामार्गकर

पर्णिकाताईंनी रानजायफळाचा उल्लेख केला म्हणून लिहितो. आमच्या तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे कान्हळाची राई आहे. पाणथळ जागेत वाढणाऱ्या जायफळवर्गीय झाडांची ही जुनी देवराई असून तिला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळालेला आहे. चिखलातून वर आलेली, गुडघ्यासारखी वाकलेली मुळे तिथे पाहायला मिळतात. जायफळाचे फळ पिकून फुटते तेव्हा आतल्या बीला गुंडाळलेली पत्री रंगाने उठून दिसते. तीच पक्ष्यांचे खाद्य असते आणि तिच्यात स्निग्धांश भरपूर असतो. धनेश पत्रीसकट बी गिळतो, पत्री पोटात ठेवतो आणि बी टाकतो.

रोपवाटिका करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सदाहरित रानातल्या अशा बिया भाताच्या बियाण्यासारख्या डब्यात भरून ठेवता येत नाहीत. वाळल्या की मेल्या. गोळा केल्यापासून काही दिवसांत त्या मातीत गेल्याच पाहिजेत. मी पहिल्या वर्षी जायफळाच्या दीडशे बिया उन्हात वाळवून पावसाची वाट पाहिली आणि त्यांतली एकही रुजली नाही. दुसऱ्या वर्षी ओल्या पालापाचोळ्यात ठेवून लगेच पेरल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक उगवल्या.

सुरंगी

राईकरांचा दुसरा प्रश्न राहून गेला. आमच्या घरी हा संदेश दर वर्षी येतो आणि सासूबाई तो मला वाचून दाखवतात. घास घालण्याला माझी हरकत नाही. पण मुलांना विज्ञान म्हणून हे सांगावे का?

पर्णिका

सुरंगी, विज्ञान म्हणून सांगू नये. कावळा वड-पिंपळाची फळे खातो आणि बिया पसरवतो, हे खरे आहे. कडुनिंबाच्या निंबोळ्याही तो नेतो. परंतु त्याच्या पोटातून गेल्याखेरीज बी रुजत नाही, हा भाग चुकीचा आहे. पिंपळाची पिकलेली फळे कुस्करून, बिया धुऊन, ओलसर विटेच्या चुऱ्यावर पसरल्या तर त्या उगवतात. मी शाळेच्या गच्चीवर हे करून पाहिले आहे. पक्ष्याच्या पोटात मुख्यतः गर निघून जातो आणि बी स्वच्छ होऊन बाहेर पडते. गर राहिला तर बुरशी धरते, काही जातींत गरामुळे रुजणे लांबतेही. काही बियांचे कवच पोटातील रसांनी मऊ पडते, काहींवर काहीच परिणाम होत नाही. वाहतूक आणि साफसफाई हे पक्ष्याचे मोठे काम आहे आणि ते पुरेसे मोठे आहे.

मॉरिशस बेटावरच्या डोडोबद्दलही अशीच एक गोष्ट जगभर पसरली होती. डोडो नष्ट झाल्यामुळे तिथल्या एका झाडाच्या बिया रुजेनाशा झाल्या, असा निष्कर्ष स्टॅन्ली टेम्पल यांनी १९७७ मध्ये मांडला. पुढे इतर अभ्यासकांनी तपासले, तेव्हा डोडो गेल्यानंतरही त्या जातीची झाडे उगवली असल्याचे पुढे आले. एक पक्षी आणि एक झाड अशी जोडी ऐकायला सुंदर वाटते, पण रानात बहुतेक ठिकाणी अनेक पक्षी आणि अनेक झाडे यांचे जाळे असते. धनेशाची काळजी अधिक वाटते ती मोठ्या बियांच्या बाबतीत हे जाळे फार विरळ असते म्हणून.

कलमबाग

मी देवगडचा आंबा बागायतदार आहे. आपण सर्व जण पक्ष्यांचे गुणगान करत आहात, म्हणून दुसरी बाजू नम्रपणे मांडतो. माझ्या हापूसच्या जुन्या कलमांवर बांडगूळ इतके माजले आहे की दर वर्षी फांद्या छाटण्यावर मोठा खर्च होतो. ते पक्षीच आणतात ना?

राईकर

होय, पक्षीच आणतात, आणि तुमच्या नुकसानीला कमी लेखण्याचा कोणाचाही हेतू नाही. या विषयाचा एक जुना, बारकाईचा अभ्यास आपल्या कोकणातच झाला, ही बाब आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. सालिम अली यांनी १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कोकणातील बांडगूळ, शिंजीर आणि फुलटोच्या यांच्यावर लेख लिहिला होता. शिंजीर बांडगुळाच्या नळीसारख्या फुलांतला मध पिताना परागीभवन करतो, आणि फुलटोच्या त्याची फळे खाऊन बी फांदीवर चिकटवतो.

हे मी आमच्या आवारातल्या आंब्यावर जवळून पाहिले आहे. फुलटोच्या अंगठ्याएवढा पक्षी. त्याने बांडगुळाचे पिकलेले फळ गिळले, थोडा वेळ चिवचिवत हिंडला आणि मग फांदीवर आडवा बसून मागचे अंग फांदीला घासू लागला. बीभोवती डिंकासारखा चिकट थर असतो. ते अंगाला चिकटते आणि घासल्याशिवाय सुटत नाही. त्यामुळे बी जमिनीवर पडत नाही. नेमके फांदीवर लागते, आणि बांडगुळाला दुसरीकडे कुठे उगवताच येत नाही. दोन बियांच्या मध्ये लाळेसारखा तंतू लोंबत होता, तो वाऱ्याने शेजारच्या काटकीला चिकटला.

उपाय म्हणून पक्षी हाकलण्यात अर्थ नाही. फळ धरण्याआधी बांडगूळ मुळासकट, म्हणजे त्याची गाठ जिथे शिरली आहे त्याच्या थोडे मागे फांदी कापून, काढणे हाच मार्ग आहे; आणि शेजारच्या बागायतदारांनीही तो एकाच वेळी केला तरच तो लागू पडतो.

टेकडीवरचा

मी पुण्याचा. एक शंका विचारतो. आपला राज्यपक्षी हरियाल जवळजवळ फळांवरच जगतो आणि वडा-उंबरावर त्याचे थवेच्या थवे उतरतात. मग तो सर्वांत मोठा बीजप्रसारक म्हणायला हवा ना?

पर्णिका

स्वाभाविक शंका आहे, पण उत्तर उलटे आहे. हरियालाच्या गटातील हिरव्या कबुतरांची पेषणी फार बळकट असते. पेषणी म्हणजे कोंबडी साफ करताना आतून निघते ती जाड स्नायूंची पिशवी. त्यात बारीक खडे असतात. उंबराच्या बारीक बियांचा बहुतेक भाग तिथे भरडला जातो. त्यांना गराबरोबर बीचेही पोषण मिळते, झाडाला मात्र वाहतूक मिळत नाही. त्याच कबुतरांच्या कुळातली मोठी राजकबुतरे याच्या नेमकी उलट : ती मोठ्या आठळ्या अख्ख्या गिळतात आणि अख्ख्या टाकतात. पोपट तर बीच खायला येतो. कच्चे फळ कुरतडतो, आतला मगज खातो आणि गर फेकून देतो.

यावरून हरियाल किंवा पोपट रानाचे शत्रू आहेत असे कृपया कोणी म्हणू नये. एका मोठ्या वडावर एका बहरात इतके फळ येते की काही हिस्सा भरडला गेला तरी झाडाचे बिघडत नाही. माझे म्हणणे इतकेच की फळे खाणारा प्रत्येक पक्षी पेरणारा नसतो, आणि म्हणून एकाची जागा दुसरा घेईल असे गृहीत धरता येत नाही. अरुणाचल प्रदेशात नामदफाच्या परिसरात रोहित नानिवडेकर, अपराजिता दत्ता आणि त्यांचे सहकारी यांनी हेच तपासले आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केले : शिकार आणि वृक्षतोड यांमुळे जिथे धनेश कमी झाले होते, तिथे मोठ्या बिया कमी पोचत होत्या आणि पुढच्या पिढीची रोपेही बदललेली होती. वरून पाहता झाडे उभीच असतात, म्हणून हे रान रिकामे होत असल्याचे पुष्कळ वर्षे लक्षात येत नाही.

टेकडीवरचा

धन्यवाद. मग आमच्या टेकड्यांवरचे चित्र मला आता वेगळे दिसू लागले आहे. येथे घाणेरी सर्वत्र आहे आणि ती बुलबुलच पसरवतात. शोभेसाठी परदेशातून आणलेले झुडूप आणि देशी झाड असा भेद पक्षी करत नाही. त्याच बुलबुल-कोकिळांनी टेकडीवर आणि जुन्या बंगल्यांच्या आवारात चंदनही पेरले आहे. चंदनाच्या मुळांना जवळच्या दुसऱ्या झाडाच्या मुळांचा आधार लागतो. पक्षी बी टाकतो तो कुठल्यातरी झुडपावर बसूनच, म्हणजे आधार आपोआपच शेजारी मिळतो. माझ्या फिरण्याच्या वाटेवरची चंदनाची सातही रोपे झुडपांच्या सावलीत आहेत. उघड्यावर एकही नाही. याउलट गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) लागवडीत पक्ष्याला खायला काहीच नाही, आणि तिथे नवीन काही उगवलेलेही दिसत नाही.

दोडामार्गकर

हाच अनुभव आमच्याकडे रबर आणि काजूच्या सलग लागवडीत येतो. राईकर, तुमच्या मोकळ्या डोंगरावरचा तो एकटा उंबर मात्र कोणत्याही परिस्थितीत तुटू देऊ नका. उघड्या माळावर पक्ष्याला बसायला जागा लागते, आणि जिथे तो बसतो तिथे बी पडते. रोपे लावायची तर त्या उंबराच्या घेरापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूने लावत जावीत. आणि ढोलीचा बेहडा जपावा. ककणेराची चोच कितीही मोठी असली तरी तो स्वतः ढोल कोरू शकत नाही. त्याला जुन्या, आतून पोखरलेल्या झाडावरच अवलंबून राहावे लागते. बेहड्याच्या लाकडाला फारशी किंमत नसते, म्हणून तो सरपणाच्या भावात जातो, आणि ढोल होण्याइतका जुना बेहडा पुन्हा उभा राहायला माणसाचा एक जन्म पुरत नाही.

राईकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. येथे मिळालेल्या सल्ल्याप्रमाणे काय केले ते नोंदवून ठेवतो.

गुरव, मानकरी आणि वाडीतली चार मुले यांना घेऊन ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, चांगली झड लागलेली पाहून, ढोलीखालची काजऱ्याची वीस आणि पारजांभळाची अकरा रोपे मातीच्या गड्ड्यासह उचलली. उरलेली जागेवर ठेवली. काजरा विषारी म्हणून एका मानकऱ्यांनी प्रथम हरकत घेतली. गुरे त्याला तोंड लावत नाहीत आणि ककणेराचा उन्हाळ्यातला मोठा आहार तोच आहे, हे सांगितल्यावर त्यांनीच वस्तीपासून दूरच्या उताराची जागा दाखवली. डोंगराच्या मालकांनी उंबर न तोडण्याचे आणि रोपे राखू देण्याचे कबूल केले आहे. ढोलीच्या बेहड्याला गावसभेत राईच्या हद्दीत धरण्याचे ठरले. आजवर तो हद्दीच्या दोन हात बाहेर होता आणि त्याचे काहीही होऊ शकले असते.

उंबराखाली खड्डे घेताना रानमोडी उपटली, तर तिच्या आड पारजांभळाची दोन वीतभर रोपे आधीपासूनच उभी असलेली आढळली. ती आमच्यापैकी कोणी लावलेली नाहीत. गुरे त्याच वाटेने वर जातात, म्हणून त्या दोघांभोवती करवंदीच्या काट्यांचे कुंपण घातले आहे.